तापात पाय चोळला कुणी?

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाचा आखडलेला पाय हातात घेतला की तू माझ्या पाठीमागे येऊन उभी राहतेस. बोलत काही नाहीस. बोलली असतीस तर निदान भांडता तरी आलं असतं.

डोंबिवलीचं आपलं स्वयंपाकघर. माझा धाकटा भाऊ तापानं फणफणलाय, पाय ठणकतोय म्हणून रडतोय, आणि तू शेगडीवर तेल कोमट करून त्याचा पाय चोळते आहेस, अगदी जोर लावून. बाळंतीण असो, तान्हं असो, मुरगळलेला पाय असो, आपल्याकडे सगळ्यावर तेलच. ताप उतरला आणि पाय उचलेना. ठाण्याचे डॉक्टर पोलिओ म्हणाले, आणि मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तापात पाय चोळला कुणी?" "मी," तू म्हणालीस. त्यांनी नुसतं च् च् केलं आणि पुढचा पेशंट बोलावला. मेल्यानं धड काही सांगितलंही नाही! मग स्टेशनच्या फलाटावर, माझ्याकडे न बघता, म्हणालीस, "मग काय तसाच तळमळू द्यायचा होता त्याला?"

मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण नव्यानंच सुरू झालं होतं. मी जाते म्हटल्यावर तू कपाळाला हात लावलास. "अगं, परक्यांचे पाय धरायला कॉलेज कशाला लागतं?" पण अडवलं नाहीस. पहिल्याच दिवशी आमच्या गोऱ्या बाईंनी एकेकीला विचारलं, इथे का आलीस? पारशी मुलीची आजी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या अँग्लो-इंडियन मुलीचा गुडघा हॉकी खेळताना निखळला होता, तो ज्यांनी बसवला त्यांच्यासारखं तिला व्हायचं होतं. ठाण्याची एक ज्यू मुलगी, आपल्यासारखंच मराठी बोलणारी, सरळ म्हणाली, "आमच्या घरचे इस्रायलला जायचं म्हणतायत. हातात कला असली की कुठल्याही मुलखात पोट भरतं." सगळ्या हसल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सेवा करायची आहे." बाईंनी मान डोलावली.

ती ठाण्याची मुलगीच माझी मैत्रीण झाली. शनिवारी त्यांच्यात काम करत नसत, पूर्वी त्यांचे तेलाचे घाणेही त्या दिवशी बंद असत, म्हणून रविवारी ती धाकट्याचा पाय ताणायला आपल्याकडे यायची. "शनवार तेल्यांची ना गं?" असं तू मला आत बोलावून विचारलंस, आणि तिला परक्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कानतुटक्या कपात चहा दिलास. तो कप तिनं ओळखला होता गं, तरी येत राहिली. गुडघा सरळ झाला असता तर लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून तो उभा राहिला असता, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पण ताणताना तो किंचाळायचा. एका रविवारी तू पोळ्या टाकून धावत आलीस, पिठाच्या हातांनी तिचे हात बाजूला केलेस. "पुरे! पोटचा असता तर असं केलं नसतंस." ती मला म्हणाली, "अगं, आता सोडला तर गुडघा असाच राहील. सांग ना तुझ्या आईला." सांगितलं. तू त्याला मांडीवर घेऊन बसलीस, आणि तोही तुलाच बिलगला. मी एकटीनं करून बघितलं. माझा हात लागायच्या आत तो तुला हाक मारायचा. मी काय करणार होते? पुढे ती बोटीनं इस्रायलला निघून गेली. गुडघा वाकडाच राहिला.

मग पोलिओचा धडा आला. बाई म्हणाल्या, तापाच्या दिवसांत पाय हलवायचाही नाही, चोळायचा तर मुळीच नाही. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं. चोळला नसता तर पाय वाचला असता का? त्या म्हणाल्या, "कदाचित वाचला असता. कदाचित गेलाच असता. कुणीच सांगू शकणार नाही." हे 'कदाचित' घेऊन मी घरी कशी येणार होते, आई? त्या आठवड्यात तू भाजी निवडता निवडता, सहज विचारल्यासारखं विचारलंस, "तुमच्या बाई काय म्हणतात गं, तापात चोळण्याबद्दल?" मी म्हटलं, "अजून तिथवर आलो नाही." तू मेथीची जुडी संपवलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि मला वाटतं तू तेव्हाच समजलीस.

धाकटा आता स्वतःच्या खिळखिळ्या कुबडीला खिळे मारतो, नातवंडांना रागावतो. "आईनं रात्रंदिवस चोळलं म्हणून एकच पाय गेला," असं येईल त्याला सांगतो. मी मान डोलावते. दुसरं काय करू?

हे पत्र पाठवायचं कुठे, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. एवढंच तुला सांगायचं राहिलं होतं. सेवाबिवा काही नाही गं. तुझी चूक नव्हती, असं कुणीतरी शिकलेल्या माणसानं मला एकदा सांगावं, म्हणून मी तिथे गेले होते.