नवसाबाईचं रक्त

पेठ, १२ ऑक्टोबर १९३६
सकाळी नाशिकहून सर्व्हिस मोटारीनं निघाले, दुपारी पेठला पोचले. हाडं खिळखिळी झाली, पण सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. एकटी बाई डॉक्टर, तापाचा मुलूख, आठवड्यात परत येशील, असं घरच्यांनी बजावलंय. बघूच! दवाखान्याला दोन खोल्या आणि उजेडाची मोठी खिडकी. कुसाबाई इथली झाडलोट करते, सुईणपणही करते. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग चहा दिला. म्हणजे पास झाले म्हणायचं.

१४ ऑक्टोबर
घरोघर हिवताप. आज नवसाबाई आली. सातवा महिना, पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बरगडीखाली दगडासारखी लागते, पापणी आतून पांढुरकी. हिवतापावरचं कोयनेल सुरू केलं, दवाखान्यातच ठेवून घेतलं. बोट टोचून थेंब काचपट्टीवर घेतला, तर कुसाबाई राख घेऊन हजर. रक्त झाकायचं असतं म्हणे. "बाई, रगत उघडं नको ठेवू. त्याला वास लागतो." कोणाला, ते काही सांगेना. मी हसले, थेंब वाळवला, रंगवला आणि भिंगाखाली ठेवला. तांबड्या पेशींत जंतूंच्या अंगठ्या काय सुरेख दिसतात!

१५ ऑक्टोबर
तीच पट्टी पाहिली. पेशी निम्म्याच उरल्यात. वाळलेलं रक्त कमी कसं होईल? मधोमध एक काळा ठिपका आहे, कुठल्याही जंतूहून मोठा. नवसाबाईचा ताप उतरलाय, तरी तिला उठवत नाही. ओठ पांढरे पडलेत.

१६ ऑक्टोबर
पट्टी राखेनं घासली, स्पिरिटनं धुतली. निघत नाही. ठिपका पेशी खातोय. मी बघत असले की थांबतो. नजर काढली की पुन्हा सुरू, आणि तिकडे नवसाबाईची नाडी बुडते. मला भीती वाटते. फार वाटते. पण ही बाई आणि तिचं पोर मी त्याला देणार नाही.

१७ ऑक्टोबर
डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावूनच लिहितेय. ओळी वाकड्या जाताहेत, जाऊ देत. नाडी कुसाबाई बघतेय. लागते म्हणाली.

दुपार टळली. डोळ्यातून पाणी — पापणी लवली की एक पेशी जाते —

उन्हं उतरली. नळीखालच्या आरशात उजेड उरला नाही, कंदिलाचा पुरत नाही. अंधारात हा मोकाट सुटणार. नाही. तसं नाही होऊ देणार.

माझंच बोट टोचलं. थेंब पट्टीला लावला. घे मेल्या, ताजं घे. तिला सोड —

वळला. माझ्याकडे —

कुसाबाई पलीकडून ओरडून सांगतेय, नवसाबाईनं पेज मागितली. पेज! ऐकलंस का रे —

हात गार पडलेत. नखं पांढरी. डोळा नळीवरून निघत नाही — नको निघू दे. मीही सोडत नाही तुला —

एका बोटात भागलं? अजून नऊ आहेत माझी. ये, ये ना —