फॅमिली रूम

जगदेव,

कारंज्याच्या बारमधली पडदा लावलेली फॅमिली रूम ज्यांची एकुलती एक जागा होती, त्या आम्हा पुरुषांच्या वतीनं लिहितो. ती तू हिसकावलीस.

बायका तिथं कधी आल्याच नाहीत, म्हणून ती आमची झाली. तुझा हात माझ्या हातात पाहून रऊफ वेटर हसायचा, "फॅमिली आली ना भौ, पापड आणू काय?" मग त्या खोलीविरुद्ध निघालेल्या मोर्च्यात तूच गरजलास, "तिथं फॅमिली नाई बसत, घाण बसते." मालक घाबरला, कुलूप लागलं.

त्याबद्दल रविवारी तुझा सत्कार आहे आणि मुख्य वक्ता मी आहे. म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही, मंचावरच वाचेन. वाचून झालं की ऊठ, माइक घे आणि सांग, "मी बी त्याच फॅमिलीतला आहो."

तुझी फॅमिली,
भागवत