चौदा घटक आणि ‘इतर’

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे दोन अंगं जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा सहाच समज). तुझा दमा कसा आहे? भावजी कानातलं यंत्र अजून फक्त तू बोलायला लागलीस की काढून ठेवतात का? माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, फक्त चार लोकांत मिसळा. ते चार लोक कुठे मिळतात, हे मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

पत्राला कारण असं विशेष नाही. मागच्या महिन्यात माझ्या दाराची घंटा वाजली, एवढंच. तुला त्यात काय नवल वाटणार, तुमच्याकडे ती दिवसभर वाजते. माझ्याकडे अकरा दिवसांनी वाजली होती (निवृत्त झालो तरी मोजायची खोड जात नाही). दारात चष्मा लावलेली एक संशोधक मुलगी. विद्यार्थ्यांचं गणितातलं यश आणि त्यांनी पुढे निवडलेला व्यवसाय कशाकशावर अवलंबून असतो, यावर तिचा प्रबंध चालू होता. माझे जुने विद्यार्थी कुठे भेटतील, एवढंच तिला विचारायचं होतं. काम दहा मिनिटांचं. मी तिला पावणेतीन तास बसवून घेतलं. दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा दूध संपलं म्हणून सुटली बिचारी. वर वीस फॉर्म मी स्वतः भरून आणतो असं कबूल करून बसलो. तुझी भावजय असती तर म्हणाली असती, कशाला नसती उठाठेव! तिला जाऊन तीन वर्षं झाली, आता अडवणारं कुणी नाही. भात मात्र अजून दोघांचाच लावतो. एकट्यापुरता भात लावणं मला जमत नाही, आणि म्हणे गणिताचा मास्तर.

तर त्या फॉर्मात चौदा घटक होते. आईवडिलांचं शिक्षण, शाळेचं अंतर, मित्रांची संगत, सकाळची न्याहारी, अभ्यासाला वेगळं टेबल वगैरे. त्यापुढे खुणा करायच्या. सगळ्यांत खाली ‘इतर’ अशी एक रिकामी ओळ. ती कुणी भरत नाही, असं ती मुलगी म्हणाली होती.

पहिल्यांदा गेलो आपल्या चौकातल्या दंतवैद्याकडे. हा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून नखं खायचा. मी फॉर्म पुढे केला, त्यानं मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, अरे मला दात दाखवायचा नाही. तो म्हणाला, ‘सर, आ करा. तुम्हाला गप्प बसवायची बावीस वर्षं वाट बघतोय.’ नको नको म्हणताना त्यानं एक दाढ काढली (ती दुखत होती हे खरं, पण त्याला कसं कळलं?) आणि माझ्या तोंडात कापूस असताना फॉर्म भरला. चौदाही घटक कोरे. ‘इतर’पुढे एकच शब्द: सर.

तिथून बाजारातल्या शिंपीणबाईंकडे. यांना मी तीन वर्षं भूमिती शिकवली. त्यांनी माझ्या सदऱ्याकडे नजर टाकली आणि न मोजताच सांगितलं की डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. मी खूश! म्हटलं, बघा, भूमिती कामाला आली. तर म्हणाल्या, ‘खडू फेकून मारायचात ना, तो चुकवता चुकवता अंदाज बसला.’ ‘इतर’पुढे पुन्हा मीच. मग बसच्या वेळापत्रकाचं काम करणारा एक जण सापडला, जन्मभर आकड्यांत रमलेला. म्हटलं, हा तरी आपली लाज राखेल. यानं चक्क चौथ्या घटकावर, न्याहारीवर, खूण केली. माझा तास पहिला असे आणि त्याची आई त्याला भरपेट खाऊ घालून पाठवी, म्हणून गणित आवडलं म्हणे! म्हणजे बघ, ज्यांनी गणित सोडलं ते माझ्यामुळे, आणि ज्यानं धरलं तो आईच्या स्वयंपाकामुळे. मुलं मला पाठीमागे ‘वजाबाकी’ म्हणायची, हेही याच दौऱ्यात कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं, तुलासुद्धा असणार.

एकोणीस फॉर्म भरले. विसावा कुणाचा, हे तुला सांगायला नको. माझी लेक तुला दर आठवड्याला फोन करते, आणि मला वाढदिवसाला दोन शब्दांचा संदेश पाठवते. तिला पूल बांधायचे होते. पुढच्या वर्गात गणित घ्यायला साठ गुण लागत, आणि मी, तिचा बाप आणि तिचा मास्तर, तिला एकोणसाठ दिले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. काय हा निःपक्षपातीपणा! मीही छाती फुगवून घरी आलो. ती तेव्हापासून माझ्याशी फारसं कधीच बोलली नाही. आता ती नाटकांचे सेट बांधते.

मागच्या रविवारी तुला न सांगता मी तिचं एक नाटक बघून आलो, दुपारचा खेळ. शेवटच्या रांगेत बसलो. रंगमंचावर तिनं बांधलेला लाकडी पूल होता. त्यावरून नायिका धावत गेली, मागून चार शिपाई धावले, पण पूल जरासुद्धा हलला नाही. नायिका आता मरणार म्हणून सगळे श्वास रोखून बसलेले, आणि ताई, मी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या बाईंनी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. पडद्यामागे जायचं धाडस झालं नाही. बसथांब्यावर रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. भावजींना नमस्कार (मोठ्यानं सांग). काळजी नसावी, असलीच तर कळवावी, तेवढंच एक पत्र येईल.

तुझा धाकटा

ता. क. सोबत एक कोरा फॉर्म ठेवला आहे. लेक तुझ्याकडे येईल तेव्हा सहज तिच्यापुढे सरकव. मी पाठवला असं म्हणू नकोस, संशोधक मुलीनं पाठवला म्हण.

ता. क. २. संशोधक मुलीला तो नको आहे. तिची मुदत संपली, एकोणीस फॉर्म घेऊन ती गेली. ‘इतर’पुढची उत्तरं बघून तिनं शिक्षक हाही घटक धरला, आणि विसावा फॉर्म कुणाचा हे माझ्याकडून ऐकून जाताना एक विचारलं: वडील हा एक घटक, शिक्षक हा दुसरा, दोन्ही एकच माणूस असेल तर खूण कुठे करायची?

ता. क. ३. आता खरं सांगतो. लेकीची ती उत्तरपत्रिका माझ्या पेटीत आहे. तिला चुका समजावून सांगायला घरी आणली होती, तिनं कधी मागितली नाही. परवा काढली. पाचवा प्रश्न, भिंतीला टेकवलेल्या शिडीचा. मी समीकरण मांडायला शिकवलं होतं. तिनं आकृतीत एक जास्तीची रेघ ओढून तीन ओळींत उत्तर आणलंय. उत्तर बरोबर आहे. शेजारी माझ्या लाल अक्षरात लिहिलंय, ‘ही पद्धत शिकवलेली नाही’, आणि दोन गुण कापलेत. मी तीनदा तपासलं. ताई, तिला एकसष्ट मिळाले होते.

ता. क. ४. फॉर्म फाडून टाक. हे तिला तू सांगू नकोस, मीच सांगेन. तिला फक्त विचार, मी फोन केला तर ती कुठल्या वेळी उचलेल. मी कधी मोकळा असतो असं तिनं विचारलंच, तर संध्याकाळी पाच ते सहा म्हण. दिवसभर मोकळा असतो, हे सांगू नकोस.