घाऱ्या डोळ्यांचा कुलवृत्तांत

ड्युसेलडॉर्फ, २ फेब्रुवारी २०२५

चि. श्यामकांतास, प्रभाताईचे अ. उ. आ.

स्वतःच्या हाताने लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इथल्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापलीकडचं बोलणं बंद केलंय.

बातमी अशी की वेदर्बीसाहेबाचा पणतू सापडला. ब्रिटिश आरमारातला तोच तो अधिकारी, ज्याच्यापायी माझी आजी यमुना, म्हणजे तुझ्या आजोबांची बहीण, घर सोडून गेली. हा रॉबर्ट इथेच नोकरीला आहे. रविवारी येतो, माझ्या चकल्या खातो आणि मी काहीही म्हटलं की गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणतो. साहेबाला प्लिमथला बायको नि चार मुलं होती म्हणे. १९१६ साली परत गेला तो गेलाच.

एकच मागणं आहे. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तू काढतो आहेस. त्यात यमुनेचं नाव घाल, खाली माझ्या आईचं, मग माझं. माझ्या मालिनीच्या ओजसने शाळेसाठी श्टामबाउम, म्हणजे वंशवृक्ष, काढला, तर माझ्या आईच्या वर नुसता कोरा कागद. मला ते छापलेलं बघून जायचंय.

लोभ आहेच, तो वाढवणं आता तुझ्या लेखणीत.
प्रभाताई

पुणे, २० फेब्रुवारी

ती. प्रभाताईस, सा. न. वि. वि.

तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. पण वयही झालंच ना.

साहेबांची वंशावळ मात्र अवश्य पाठव. समितीत सगळे खूश आहेत. पदकं लावलेला फोटो मिळाला तर रंगीत पान देऊ. तुमच्या नावांचं बघतो, पण नियम तुला ठाऊकच आहेत. तुझ्या आणि माझ्या घाऱ्या डोळ्यांत फरक आहे, ताई. माझे अस्सल कोकणस्थी, तुझे बोटीतून आलेले. लहानपणीचीच थट्टा हो, मनावर घेऊ नकोस.

लोभात अंतर पडू नये.
श्यामकांत

ड्युसेलडॉर्फ, २७ एप्रिल

चि. श्यामकांतास, अ. उ. आ.

ग्रंथ मिळाला. जाडजूड झालाय. साहेबाच्या अकरा पिढ्या छापल्यास, रंगीत, दोन पानं. आजीला एक ओळ. 'यमुना, निर्वंश.' मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. अरे, मी जिवंत आहे, श्याम. निर्वंशाची नात पेज पिऊन तुला पत्र लिहितेय.

आता ऐक. तुझ्या आजोबांना मूल नव्हतं. आजीला साहेबापासून दोन मुलं झाली. मुलगी, ती माझी आई. मुलगा तिने भावाच्या पदरात घातला, तो तुझा बाप. हे मला आजीनेच सांगितलं होतं, मी सत्तर वर्षं तोंड शिवून बसले. आता रॉबर्टने साहेबाची डायरी आणली आहे. त्यात तारखेसकट लिहिलंय. डोळे तुझेही त्याच बोटीतून आले, बाळा.

मला शुद्धिपत्र नको. एकदा, फक्त एकदा, कागदावर तिला आजी म्हण. ते पान मी माझ्याबरोबर नेईन, कुणाला कळणार नाही.

लोभ तोवर राखून ठेवते.
प्रभाताई

पुणे, ८ मे

ती. प्रभाताईस, सा. न. वि. वि.

कुलसंमेलनात माझा नुकताच सत्कार झाला आहे, माझ्या सिद्धेशच्या मुलीचं लग्न ठरतंय. तुम्हा सगळ्यांची नावं पुढच्या आवृत्तीत घालतो, वाटेल ते माग. पण त्या बाईंविषयी काही लेखी देणं मला शक्य नाही. उद्या ते कुणाच्या हाती पडलं तर?

दया असावी.
श्यामकांत

ड्युसेलडॉर्फ, २४ मे

ती. श्याममामांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. पत्रात 'आजी' हा शब्द कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, नाहीये. मग तिने ओजसला बोलावलं. तो मराठीत उत्तर देत नाही, पण समजतं सगळं. त्याने डायरीचं पान स्कॅन केलं आणि तुम्हीच ग्रंथाच्या शेवटी छापलेल्या तीनशे बारा घरांच्या ईमेलवर पाठवलं. आई शेजारी बसून नावं मोजत होती.

मंगळवारी ती गेली.

काल सिद्धेशचा फोन आला होता. त्याने एवढंच विचारलं, "माझी पणजी दिसायला कशी होती?"

मी त्याला सांगितलं की तिला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, ते मंगळवारपर्यंत होतं.

लोभ नसला तरी चालेल.
मालिनी