दोनदा वाचलेलं वाक्य

बुधवार, संध्याकाळ. जुमेरा लेक टॉवर्स, दुबई

गुरुजींची एक ओळ, आणि मागून आम्हा साऱ्या वर्गाची तीच ओळ, दोनदा. आमच्या शाळेत कविता अशीच पाठ व्हायची. तो घोष आज दुपारपासून कानातून जात नाही.

शेजारच्या फ्लॅटमधली चिनी मुलगी मेई माझ्याकडे इंग्रजी ऐकण्याचा सराव करते. मी उतारा वाचतो, ती प्रश्न सोडवते. आणि मी मूर्ख प्रत्येक वाक्य चालीत, दोनदा वाचत आलो! उत्तरं सगळी बरोबर यायची, म्हणून मीच खूश. आज क्लासमधल्या सराव परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजलं. पोर दुसऱ्या वेळेची वाट बघत बसली, निम्मे प्रश्न गेले. विद्यापीठाची खरी प्रवेश परीक्षा परवावर आलीय.

"बाबा, रेकॉर्डिंग म्हणजे तुमची कविता नाही हो," सूनबाई म्हणाली.

"आजोबा, यू आर ऑन रिपीट!" नात खिदळली. मला हसू आलं नाही.

मघाशी लिफ्टमध्ये मेईची आई भेटली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरा मास्तर शोधला असेल. शोधावाच. पण परवापर्यंत पोरीची ही सवय कोण मोडणार? माझी तरी मोडेल का? दोनदा... कशाला वाचलं मी दोनदा?

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. कुरिअरवाला असेल म्हणून उठलो.

दारात मेईची आई. मागे पुस्तक छातीशी धरून मेई. आईनं माझ्यासमोर एक बोट उभं धरलं.

"वन टाइम, अंकल. ओन्ली वन टाइम. यल्ला, कम ऑन."