पाकिटावरचा मायना

॥ श्री ॥
ऐरोली, ता. १४ जानेवारी २०२३

चि. सौ. चारुलता हीस विलासदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. राजवर्धनराव इस्पितळातून घरी आले आणि जिना चढू लागले, हे वाचून बरं वाटलं. बायपासनंतर माणूस दोन-तीन महिने चिडचिडा होतो म्हणतात. आमचे मेहुणे आधीपासूनच तसे असल्यामुळे तुला फरक कळायचा नाही. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र लाल पेन्सिलने दुरुस्त करून सोबत परत पाठवतो आहे. मला ‘तीर्थरूप’ लिहू नकोस, हे तू सातवीत असल्यापासून सांगतो आहे. तीर्थरूप फक्त आईवडील. बाकीचे सगळे वडीलधारे तीर्थस्वरूप. अडतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाच्या बहिणीने मायना चुकवावा, हे शोभत नाही.

निशांत आणि मनाली उलव्याच्या नव्या घरी राहायला गेले. सूनबाई म्हणाल्या, की बाबा, टेन्शन नका घेऊ, अर्ध्या तासात येऊ. येतात महिन्यातून एकदा. सुचित्रा हल्ली माझी पेनं उचलून ठेवते आणि विचारलं तर नाही म्हणते. आमच्या सोसायटीने गेटजवळ लाल रंगाची तक्रारपेटी बसवली आहे. पेनांची तक्रार तिच्यात टाकावी म्हणतो.

राजवर्धनराव घरी आले का ते कळव. जिना चढू लागले का?

घरी ज्याला नमस्कार त्याला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, तो पत्राविना सुकू देऊ नकोस.

तुझा,
विलासदादा

॥ श्री ॥
कऱ्हाड, ता. २३ जानेवारी २०२३

तीर्थस्वरूप विलासदादास, चारूचा सा. न. वि. वि.

मायना या वेळी बरोबर लिहिला आहे. तू पाकिटावर काय लिहिलंस ते मात्र डोळ्यांनी पाहा. पाकीट सोबत परत पाठवते आहे.

माझ्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिलं आहेस. विधवेच्या नावामागे लावतात ते. माझा नवरा आतल्या खोलीत आहे, त्याच्या छातीवरची जखम अजून सुकलेली नाही. पोस्टमनने नाव मोठ्याने वाचलं आणि चपापला. शेजारच्या उज्ज्वलावहिनी तेव्हा नेमक्या दारात उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. ह्यांनी हसून सोडून दिलं. मला हसू आलं नाही.

चूक झाली म्हणशील, तर तुझ्या हातून अशी चूक होत नाही. लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढणारा माणूस तू. दिवाळीत ह्यांच्याशी तुझी बोलाचाली झाली होती, तो राग असा काढलास का?

आई बारा वर्षं माझ्याकडे होती. तिला दिसेनासं झाल्यावर ती सांगायची आणि मी तुला लिहायचे. खाली ‘आई’ अशी सहीसुद्धा मीच करायचे. तू उत्तरं तिच्या नावाने याच पत्त्यावर पाठवायचास. तेवढ्या वर्षांत पाकिटावर तुझा एक काना चुकला नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून आता बहिणीला वाटेल ते लिहायचं?

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. मला लेखी माफी पाहिजे आणि पाकिटावर नीट मायना पाहिजे. तोवर माझ्याकडून ओळ येणार नाही.

माझा लोभ होता तिथेच आहे. तुझा कुठे गेला ते तूच कळव.

चारू

॥ श्री ॥
ऐरोली, ता. ४ ऑगस्ट २०२४

सौ. चारूवन्संना सुचित्राचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

दीड वर्षाने लिहिते आहे. मी दोनदा फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत, म्हणून तिसऱ्यांदा केला नाही. मलाही मान आहे. हे बहुतेक दर महिन्याला तुम्हाला पत्र लिहायचे, टाकायला खाली जायचे आणि वर येऊन सांगायचे, की चारूचं उत्तर नाही. मला वाटायचं, काय दगडाची बाई आहे. तसं नव्हतं, हे परवा कळलं.

आमच्या सोसायटीत नवी कमिटी आली. तिने गेटजवळची तक्रारपेटी फोडली, कारण किल्ली कुणाकडेच नव्हती. आत तीन तक्रारी निघाल्या आणि ह्यांची पंधरा पत्रं. पेटी लाल आहे, म्हणून हे तिला टपालपेटी समजत होते. आमचा वॉचमन गोटीराम तळवलीचा आहे. तो म्हणाला, की काका महिन्याच्या महिन्याला येऊन पाकीट टाकायचे, त्याला वाटलं कमिटीवर काकांचा लय राग हाय, आपुन कशाला मधी बोला. सगळ्या पाकिटांना तिकिटं लावलेली आहेत. पहिल्यावर ‘सौ.’च्या खाली लाल रेघ आहे.

आता आजाराचं सांगते. मी शाळेत हजेरीपट भरलेली बाई, त्यामुळे डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली तेव्हा अवघड गेलं नाही. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला एकच गोष्ट दोनदा सांगू लागले. ऑगस्टमध्ये पेनं चोरल्याचा आळ माझ्यावरून मनालीवर गेला आणि ती दोन महिने आली नाही. डिसेंबरात सेक्टरमधल्या बाजारातून घर सापडेना. जानेवारीत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ह्यांनी बाराही आकडे एका बाजूला दाटीने बसवले आणि चित्र कसं सुबक आलं आहे ते डॉक्टरांना समजावून दिलं. एमआरआय झाला. अल्झायमर आहे.

डॉक्टर म्हणाले, की आपल्याला दिसतो त्याच्या कितीतरी वर्षं आधी हा आजार सुरू झालेला असतो. नवं आधी जातं, जुनं मागाहून. हाताच्या सवयी फार काळ टिकतात. औषधाने थोडा आधार मिळतो, पण आजार थांबत नाही. परवा ही पत्रं वाचल्यावर तुम्ही परत पाठवलेलं ते पाकीट मी शोधून काढलं आणि डॉक्टरांचं हे बोलणं आठवलं. कऱ्हाडचा तो पत्ता लिहिताना ह्यांच्या हाताने बारा वर्षांची सवय लिहिली. ते ‘गं. भा.’ तुमचं नव्हतंच, सासूबाईंचं होतं.

पंधरातली तीन पत्रं पाठवते आहे. बाकीच्यांतही तेच आहे. तुम्हाला यायचं असेल तर लवकर या. नावं एकेक करून जात आहेत. निशांतला परवा भाऊजी म्हणाले.

तुमच्याबद्दल वाईट धरलं, त्याचं मला वाईट वाटतं. मायेत अंतर पडलं ते भरून काढू.

आपली,
सुचित्रा

(सोबतची तीन पत्रं)

ता. ५ फेब्रुवारी २०२३

चि. सौ. चारुलता हीस अ. उ. आ. वि. वि.

चूक माझी आहे. मुद्दाम केलेली नाही. तू पाठवलेलं पाकीट पाहिलं. अक्षर माझंच आहे, पण मी ते लिहिलं कसं हे मला उमजत नाही. तुझ्या रागापेक्षा मला याची भीती वाटते. सुचित्राला सांगितलेलं नाही. राजवर्धनरावांची समक्ष येऊन माफी मागेन. माफ केलंस एवढी एक ओळ लिही, दुसरं काही नको.

तुझा, विलासदादा

ता. ११ नोव्हेंबर

चि. चारू हीस आशीर्वाद.

चूक माझी. मुद्दाम नाही. तुझं उत्तर नाही. पेनं कुणीतरी नेतं, म्हणून हे पेन्सिलने लिहितो आहे. चूक माझी आहे. एक ओळ लिही.

दादा

(तारीख नाही)

तीर्थरूप आईस, विलासचा साष्टांग नमस्कार.

चारू माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं ते आठवत नाही, पण चुकलं आहे. तू तिच्याजवळ आहेस. तू सांगितलंस तर ती ऐकेल. तुझं उत्तर तिच्याकडून लिहून घे. रागावली असली तरी तुझं पत्र ती लिहून देईल.

विलास

॥ श्री ॥
कऱ्हाड, ता. २२ सप्टेंबर २०२४

सौ. सुचित्रावहिनींना चारूचा नमस्कार. वि. वि.

तुमच्याकडे चार दिवस राहून परवा सुखरूप पोचले. तिथे जे बोलता आलं नाही ते लिहिते.

ती पत्रं वाचली त्या दिवशी मी जेवले नाही. माफी मागा म्हणून मी अडून बसले आणि तो मागत होता. आल्या आल्या तुमच्यादेखत मी दादाच्या पाया पडले. त्याने पाय मागे घेतले आणि मला खुर्ची दिली. मग अदबीने विचारलं, की बाई, आपण कऱ्हाडच्या ना, तिथे माझी बहीण असते, ती रागावली आहे, तेव्हा आमच्या आईला माझं पत्र पोचलं का एवढं विचाराल का. मी म्हटलं, की दादा, मीच चारू. तो हसला आणि म्हणाला, की चारू लहान आहे, दोन वेण्या घालते. चारही दिवस त्याने तेच विचारलं. मी समोर बसून होते, पण मला माफी देताही आली नाही आणि मागताही आली नाही.

म्हणून एक पत्र सोबत पाठवते आहे. ते वाचून दाखवू नका, त्याच्या हातात द्या. हे अक्षर त्याच्या ओळखीचं आहे. तुम्हाला हा खोटेपणा वाटेल. मलाही वाटला होता. पण आईची पत्रं बारा वर्षं मीच लिहिली, हे तेरावं वर्ष समजते. पाकिटावरचा पत्ता ह्यांनी घातला. म्हणाले, की तुझ्या भावाने ‘गं. भा.’ लिहिल्यापासून माझी तब्येत सुधारली आहे, त्याला तसं कळव.

वही लिहीत राहा आणि मलाही त्यातलं कळवत जा. वाईट असलं तरी कळवा. आता अंतर नको.

तुमची,
चारू

॥ श्री ॥
कऱ्हाड

चिरंजीव विलास यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला फार उशीर झाला, तो दोष तुझा नाही. मला दिसत नाही हे तुला माहीत आहे. चारू लिहून देते आहे.

मी चारूशी बोलले. तिचा राग गेला. ती म्हणते, की दादाचं काहीच चुकलं नव्हतं, चूक तिची होती. तिने तुला नको ते लिहिलं आणि मग दार लावून बसली. ती धाकटी आहे, तिची चूक पदरात घे. आता याबद्दल पुन्हा लिहायचं नाही आणि मनातही ठेवायचं नाही. तुम्ही दोघं बोलता आहात, असं मी धरून चालते.

सुचित्रा वाढेल ते वेळेवर जेव. पेनं कुणी नेत नाही. तरी दोन नवी पेनं सोबत पाठवते आहे आणि एक लाल पेन्सिलही. चारूने या पत्रात कुठे चूक केली असेल तर दुरुस्त करून परत पाठव. ती वाट पाहते आहे.

तुझी,
आई