मत क्रमांक ४१२ पक्के धरू नये

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
महानगरपालिका निवडणूक,
नागपूर.

विषय : माझे मत पक्के न धरता उमेदवारास माझ्या घरी पाठविणेबाबत.
संदर्भ : आमच्या वॉर्डाची मतदार यादी, अनुक्रमांक ४१२.

महोदय,

अर्जदार सदर भागात राहणारी मतदार असून उमेदवार श्री. मनोहर वैरागडे यांची पत्नी आहे. नाव तोंडाने घेत नाही, कागदावर इलाज नाही. बाळ आत्ताच निजले आहे, तेवढ्यात लिहिते.

१. उमेदवाराचे कार्यकर्ते आमच्याच ओसरीवर यादी घेऊन बसतात. ज्या घरची मते पक्की, तिथे बरोबरची खूण. जिथे शंका, तिथे फुली. फुलीच्या घरी उमेदवार स्वतः वही घेऊन जातात आणि गाऱ्हाणे ऐकतात. आमच्या घरापुढे त्यांच्यातल्या कवडूभाऊंनी पहिल्याच दिवशी बरोबरची खूण केली. मी चहा घेऊन समोरच उभी होते. मला कोणी विचारले नाही.

२. मागच्या गल्लीतल्या यमुताईंच्या घरापुढे फुली आहे. त्या माझ्याच वयाच्या. त्यांच्या नळाला पाणी नाही, यात त्यांचा दोष नाही. परंतु उमेदवार तिथे तीनदा जाऊन आले, दर खेपेस तासभर. तिसऱ्या खेपेस पोहे खाल्ले. घरी ते पोह्यांना हात लावत नाहीत. हे यमुताईंनीच मला पिठाच्या चक्कीवर सांगितले. वर म्हणाल्या, "तुमच्या घरवाल्यासारखा ऐकून घेणारा माणूस मी पाह्यला नाही वं बाई. नशीब काढलं तुम्ही." अर्जदार दळण न दळता डबा उचलून परत आली.

३. यमुताईंच्या लेकराला दात आला, तो उमेदवाराने बोट लावून पाहिला, असेही कळले. आमच्या मुलीला त्याच आठवड्यात दोन आले. जेवताना सांगू गेले तर म्हणाले, "थांब नं, मी हिशेब लावून राह्यलो, कोणती गल्ली राह्यली ते." आज बारा दिवस झाले. ते दात त्यांनी अजून पाहिलेले नाहीत.

४. गाऱ्हाणी मलाही आहेत. आमची मोरी तुंबते, आणि ती याच वॉर्डात मोडते. दुसरे गाऱ्हाणे कागदावर लिहिण्यासारखे नाही. समोर बसले तर सांगेन.

५. काल मी स्वतः म्हटले, माझ्यापुढे फुली करा. कवडूभाऊ हसले. "वहिनी, घरचं मत कुठी जाते?" साहेब, जाऊ शकते. विरोधी उमेदवाराच्या आई जिजाबाई परवा येऊन गेल्या. त्यांनी मुलीला मांडीवर घेतले आणि दोन्ही दात पाहिले.

तरी विनंती की, ४१२ हे मत शंकेचे आहे, असे उमेदवारास आपल्या कार्यालयातून कळवावे. मतदानाआधी एकदा त्यांनी कार्यकर्ते बाहेर ठेवून, वही घेऊन यावे. मी चटई टाकीन. तासभर नको, अर्धा तास पुरे. मत मी त्यांनाच देणार आहे, पण हे आपण त्यांना सांगू नये.

बाळ उठले. इथेच थांबते.

आपल्या यादीतील एक मतदार,
सौ. प्रेमिला मनोहर वैरागडे
सदर, नागपूर
दि. ११ मार्च १९६९

सोबत : उमेदवाराच्या यादीचे एक पान. त्याची घरी शोधाशोध होईल, म्हणून पाहून लगेच परत करावे. परत करताना ४१२ पुढे आपल्याच पेनाने फुली केली तर उपकार होतील.